चौदा जेंबे, वीस मंगळवार: प्रकल्प नोंदी

ठिकाण: डरहॅम, नॉर्थ कॅरोलायना. कृष्णवर्णीय वस्तीतलं एक समाजकेंद्र. काम दोन भागांचं. केंद्राच्या माळ्यावर पडून असलेले जेंबे (पश्चिम आफ्रिकेतले, हाताने वाजवायचे ढोल) पुन्हा वाजते करायचे, आणि त्यांच्यावर जूनमधल्या जूनटीन्थच्या (अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या अंताचा स्मृतिदिन) कार्यक्रमासाठी पश्चिम आफ्रिकी नाच-वादनाचा खुला वर्ग चालवायचा. या शहरात अशा वर्गांची जुनी ओळख आहे. न्यू यॉर्कमध्ये १९७७ साली 'डान्सआफ्रिका' महोत्सव सुरू करणाऱ्या चक डेव्हिस यांनी पुढे इथेच आपली नृत्यसंस्था उभी केली. त्यामुळे इथल्या माळ्यांवर आणि गॅरेजांत जेंबे सापडतात. वाजण्याजोगे मात्र क्वचित.

कामाच्या गटात आम्ही सहा जण. त्यांतले तिघे इथल्या मराठी ढोल-ताशा पथकातले. याचा फायदा काय झाला आणि तोटा काय झाला, दोन्ही खाली येतं.

११ जानेवारी, शनिवार. मोजदाद

एकूण १४ जेंबे. ५ वाजतात. ९ जेंबेंचं पान, म्हणजे तोंडावरचं कातडं, फाटलेलं किंवा ढिलं पडून सुरकुतलेलं. त्या ९ पैकी ६ जेंबेंची दोरी कुजलेली, ४ जेंबेंची लोखंडी कडी गंजून वाकडी. एका खोडाला (जेंबेचा पोकळ लाकडी भाग) वरच्या काठापासून खाली ११ सेंटीमीटरची चीर.

काठावरून बोट फिरवून पाहणं हे पहिलं काम, आणि बहुतेक लोक नेमकं तेच विसरतात. काठ आतून-बाहेरून गोलसर हवा. धारदार असेल तर नवं पान महिन्याभरात तिथेच कापलं जातं. आमच्या ३ खोडांचे काठ चाकूसारखे होते. जुनी पानं काठावरच फाटली होती, त्याचं कारण कळलं. आधी ८० नंबरचा, मग १५० नंबरचा पॉलिशपेपर. प्रत्येकी सुमारे ४० मिनिटं. काठ सपाट आहे का हे पाहायला खोड टेबलावर उलटं ठेवलं आणि आत टॉर्च लावला. जिथून उजेड बाहेर येईल तिथे खोलगट.

चिरेत लाकडाचा गोंद आणि त्याच लाकडाचा भुस्सा कालवून भरला आणि दोरीने करकचून आवळून दोन दिवस ठेवलं. आतून जवसाचं तेल लावलं. तेलाच्या चिंध्या गोळा करून डब्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. बाहेर कुंपणावर पसरून वाळवायच्या.

१८ जानेवारी. कातडी, दोरी, कडी

पहिली चूक पैशांच्या मोहातून. एका बाजारातून प्रत्येकी २० डॉलरची दोन केसाळ बकऱ्याची कातडी उचलली. कुठून आली, कशी आली, कागद नाही. घरी आल्यावर वाचलं तेव्हा कळलं की आयात केलेल्या कच्च्या कातड्यांतून अँथ्रॅक्सची लागण झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. २००६ मध्ये न्यू यॉर्कमधल्या एका ढोल बनवणाऱ्याला झाली होती, २००८ मध्ये लंडनमध्ये एकाचा मृत्यू झाला. पिशवी न उघडता विल्हेवाट लावली. ४० डॉलर गेले. नंतर प्रक्रियेचे कागद देणाऱ्या विक्रेत्याकडून ३८ डॉलरला एक अशी कातडी घेतली. तरीही केस भादरण्याचं काम मास्क आणि हातमोजे घालून, अंगणात, खाली प्लॅस्टिक पसरून. घरात नाही, पोरांसमोर नाही.

दोरी ५ मिमीची, कमी ताणली जाणारी पॉलिस्टर. नायलॉन घेऊ नका, ती रबरासारखी लांबत राहते. २०० मीटरचं रीळ १४० डॉलरला.

हिशेब असा: ३३ सेंटीमीटर तोंडाच्या खोडाचा घेर साधारण १०४ सेंमी. २८ फास (कड्यावरचे दोरीचे वेढे, ज्यांतून उभी दोरी जाते) धरले तर दोन फासांत पावणेचार सेंमी. वरच्या आणि खालच्या कड्यात ३० सेंमी अंतर, म्हणजे उभ्या दोरीलाच १७ मीटर लागतात. फासांना ७, शेवटच्या आडव्या विणीला आणि ओढायच्या शेपटाला आणखी ८. मिळून ३२. आम्ही पहिल्या खोडाला घाईत २४ मीटर कापली. निम्म्यावर संपली, गाठ मारून जोडली, ताण देताना गाठ सरकली. तो तुकडा पुढे इतरांच्या फासांना वापरला म्हणून रीळ पुरलं.

कडी एका वेल्डरकडून, ८ मिमी सळईची, १२ डॉलरला एक. एका जेंबेला तीन लागतात: वर दोन, खाली एक. कड्याचं माप देताना आम्ही खोडाचा व्यास दिला आणि वर 'थोडं सैल' असं सांगितलं. या 'थोडं'चा हिशेब १ फेब्रुवारीच्या नोंदीत.

२५ जानेवारी. पहिली तीन पानं

कातडी आदल्या रात्री भिजत घातली. एकीला 'लवकर मऊ होईल' म्हणून कोमट पाणी घातलं, आणि ते कोमट नव्हतं, चांगलंच ऊन होतं. सकाळी ती आखडून, कडा वळून, शिजलेल्या सालीसारखी झाली. टाकून दिली. पाणी गारच हवं, १२ ते २४ तास, मध्ये एकदा बदलायचं.

क्रम: ओलं कातडं तोंडावर टाकायचं, पाठीच्या कण्याची काळसर रेघ बरोबर मधोमध. वरून पहिलं कडं. कातड्याची कड त्या कड्यावरून वर दुमडायची. मग फास असलेलं दुसरं कडं त्यावर. दोन कड्यांच्या कात्रीत कातडं अडकतं, तेवढीच त्याची पकड. उभी दोरी वरच्या फासातून खालच्या फासात ओवत जायची, हाताने घट्ट करायची, आणि कड चारही बाजूंनी सारखी ओढून सुरकुत्या काढायच्या. ओलं असताना ताण बेताचाच. कडं काठाखाली दोन-तीन सेंमी उतरलं की थांबायचं.

इथे ढोलाच्या सवयीने घात केला. ओलं असतानाच शेवटपर्यंत ताणलं, म्हणजे वाळल्यावर आपोआप आवाज येईल, असा हिशेब होता. जेंबेचा खरा ताण वाळल्यावरच द्यायचा असतो. ओलं कातडं अति ओढलं की मधोमध पातळ होतं आणि आवाज पत्र्यासारखा येतो.

१ फेब्रुवारी. एक पान सटकलं

सात दिवस सावलीत, हीटरपासून लांब वाळवलं. तीनपैकी दोन ठीक (एक आवाजाला पातळ, पण चालेल). तिसऱ्याला लाकडी दांड्याने ओढायला घेतलं तर एका बाजूचं कातडं कड्यांच्या कात्रीतून सुळकन निघालं.

कारण: कडं खोडापेक्षा चहूबाजूंनी जवळपास एक सेंटीमीटर मोठं होतं. हवं होतं चार मिलिमीटर, म्हणजे कातड्याची जाडी जेमतेम सामावेल एवढं. वेल्डरची चूक नाही, माप आमचं. कडं कापून पुन्हा जोडून घेतलं (त्याने पैसे घेतले नाहीत). कातडं पुन्हा भिजवून त्याच खोडावर बसवलं, या वेळी धरलं. वेळ गेला नऊ दिवस.

वाळल्यावर ताण देण्याची पद्धत: एकेक उभी दोरी ओढत पूर्ण फेरी, मग दुसरी फेरी, तिसरी. एका बसणीत दोनपेक्षा जास्त फेऱ्या नकोत. रात्रभर बसू द्यावं. तीन फेऱ्यांनंतर पानावर टिचकी मारली की टणक आवाज यायला हवा. मग ब्लेडने केस भादरायचे, केसांच्या दिशेने. उलटं ब्लेड चालवलं की ओरखडा पडतो आणि फाटायला सुरुवात तिथूनच होते.

शेवटी आडवी वीण, म्हणजे उभ्या दोऱ्या जोडीजोडीने एकमेकींवर चढवून खाली चौकडीची नक्षी तयार होते ती. ही वीण बारीक सुरासाठी आहे. संपूर्ण दोन ओळी विणूनही सूर चढत नसेल तर उभी दोरीच ढिली आहे, वीण उसवून मागे जा. आम्ही एका जेंबेवर तीन ओळी विणल्यावर हे मान्य केलं.

४ आणि ६ फेब्रुवारी. वर्ग सुरू

नावं २४ आली. ११ वादनाला, १३ नाचाला. वय १४ ते ७१. मंगळवारी वादन, गुरुवारी नाच, अशी विभागणी केली. दोन्ही शिक्षक वेगळे, दोघंही अनुभवी. दोघांनीही विभागणीबद्दल शंका काढली होती. आम्ही वेळापत्रकाच्या सोयीकडे पाहिलं.

नाच निवडले दोन. कुकू हा गिनीच्या जंगलपट्ट्यातला, बेला भागातला बायकांचा नाच. जोले हा सिएरा लिओनच्या तेम्ने लोकांचा, मुखवट्याचा. दोन्ही चार मात्रांचे, म्हणून नवख्यांना सोपे. पहिल्याच दिवशी फळ्यावर नाचाचं नाव, लोकांचं नाव, देशाचं नाव लिहिलं. 'आफ्रिकन डान्स' या एका शब्दाखाली सगळं ढकलायचं नाही, ही नाचाच्या शिक्षिकेची अट होती.

१८ फेब्रुवारी. हात

जेंबेचे तीन आवाज: मध्यावर तळहाताची घुमणारी थाप, काठावर जोडलेल्या बोटांचा गोल आवाज, आणि सैल बोटांचा खणखणीत. बोलांसाठी नायजेरियाचे वादक बाबातुंदे ओलातुंजी यांच्या पद्धतीतले शब्द वापरले: गुन-दुन, गो-दो, पा-ता. जोडीतला पहिला उजव्या हाताचा, दुसरा डाव्या. तबल्याचे बोल कानावर असलेल्यांना हे अर्ध्या तासात जमलं.

साथीचा ठेका, आठ घरांत (– म्हणजे रिकामं घर): गुन – – ता | गुन – गो दो. बरेच नाच यावर तगतात. दोन आठवडे दुसरं काही वाजवलं नाही.

नेहमीची चूक: खणखणीत आवाज जोर लावून काढायला जाणं. जोराने तो निघत नाही, अंगठ्याचं मूळ मात्र काठावर आपटतं. अंगठा वर आणि बाहेर. अंगठ्या काढून ठेवा, पान फाटतं आणि बोटही सुजतं. एकाने दोन तास सलग बडवलं, नंतर लघवी लालसर झाली म्हणून घाबरून फोन केला. हाताच्या आघाताने रक्तपेशी फुटून असं होऊ शकतं. डॉक्टरांकडे पाठवलं, ठीक निघाला. तेव्हापासून २० मिनिटांनी सक्तीची विश्रांती.

२२ फेब्रुवारी. डुनुन: पुठ्ठ्याचा प्रयोग फसला

डुनुन म्हणजे काठीने वाजवायचे तीन खर्जाचे ढोल: लहान केन्केनी, मधला सांगबान, मोठा डुनुंबा. नाचाची चाल खरं तर यांच्यातूनच निघते; जेंबे त्यावर बोलतो. तयार संच परवडेना, म्हणून काँक्रीटचे खांब ओतायला वापरतात त्या जाड पुठ्ठ्याच्या नळ्या आणल्या, १२, १४ आणि १८ इंची. त्यावर ओलं गाईचं कातडं चढवून दोरी ओढली. दुसऱ्या दिवशी १८ इंचीची कड ओल धरून लोळागोळा, १४ इंची लंबगोल. ४१ डॉलर पाण्यात.

दुसऱ्यांदा: आत दोन्ही टोकांना १८ मिमी प्लायवूडचं गोल कडं कापून गोंद आणि स्क्रूने बसवलं, आत-बाहेर रेझिनचा हात, वर पॉलियुरेथेनचे तीन हात, प्रत्येक हाताला एक दिवस. कातडं टाकण्याआधी कडेवर मेण घासलं. आता टिकले. खर्ज लाकडाइतका खोल नाही, पण खोलीत पुरतो. तीनही उभे ठेवून एकच माणूस वाजवतो, नाचाच्या वर्गांत हीच पद्धत रूढ आहे. वरच्या बाजूलाच पान लावलं, खालची उघडी, त्यामुळे कातड्याचा खर्च अर्धा.

११ मार्च. पहिला एकत्र दिवस

पाच आठवड्यांनंतर दोन्ही गट पहिल्यांदा एका खोलीत. चार मिनिटांत गाडी घसरली. फोनवरच्या ध्वनिमुद्रणावरून नंतर मोजलं: सुरुवात मिनिटाला १०४ ठोके, चौथ्या मिनिटाला १३८. नाचणाऱ्या निम्म्या बायका थांबून बघत उभ्या. वादकांना ते दिसलंही नाही, कारण सगळ्यांचं तोंड आपल्या पानाकडे.

चुका मोजून लिहितो, कारण या पाच आठवड्यांची भरपाई नंतर कशानेच झाली नाही.

नाच गुरुवारी ध्वनिमुद्रित संगीतावर शिकवला होता. मुद्रित संगीत नाचणाऱ्यांकडे बघत नाही. त्यामुळे बायका आठ-आठ मोजत पाऊल बदलायला शिकल्या. प्रत्यक्षात पाऊल बदलतं ते मुख्य जेंबेवाला तोड, म्हणजे इशाऱ्याचा ठरलेला तुकडा, वाजवतो तेव्हा, आणि तो ती वाजवतो नाचणारे तयार दिसल्यावर. मोजणारा माणूस तोड ऐकतच नाही.

वादकांना उलटा आजार. त्यांना तोड येत होती, पण ती कोणासाठी वाजवायची हे माहीत नव्हतं. आवर्तनं भरली की वाजवून मोकळे.

आणि लय वाढण्यात पथकातल्या तिघांचा हात मोठा. ढोल-ताशात लय चढत चढत नेणं हीच रंगत असते, आणि सगळे ढोल मिळून एकच ठेका वाजवतात. इथे प्रत्येकाचा ठेका वेगळा आणि लयीचा मालक नाचणारा. गुडघे वाकवून, कंबरेतून पुढे झुकून, हात पाठीमागून पुढे ओढत केलेलं कुकूचं पाऊल १३८ ला कुणाचंच नीट पडत नाही. पडलं तरी उडी मारल्यासारखं पडतं, जमिनीत जात नाही.

१५ मार्च. बदल

गुरुवार बंद. फक्त मंगळवार, दीड तास, दोन्ही गट आणि दोन्ही शिक्षक एकत्र. खुर्च्या भिंतीकडून काढून नाचाच्या जागेसमोर अर्धगोलात मांडल्या. डुनुन मधोमध, कडेला नाही.

वादकांनी पहिली २० मिनिटं अनवाणी नाचायचं, सक्तीने. दोघांनी 'आम्ही वाजवायला आलो' म्हणून नाव काढून घेतलं. जाऊ दिलं.

तोड सगळ्यांनी तोंडाने म्हणायची, नाचणाऱ्यांनीसुद्धा. सोळा घरांची, फळ्यावर अशी: (दोन्ही हात) – गो दो | – दो – दो | – दो गो – | गो – – –. शेवटच्या 'गो'नंतरची तीन रिकामी घरं म्हणजे श्वास. नवं पाऊल त्यानंतरच्या पहिल्या घरावर. बहुतेकांची चूक त्या रिकाम्या घरांतच होते, घाई करून एक घर आधी उतरतात. तिथे पाय आपटून धरायला सांगितलं, दोन वर्गांत सुटलं.

२५ मार्च. डुनुनला पगारी माणूस

अनुदानाच्या अर्जात डुनुनवाल्याचं मानधन धरलंच नव्हतं. 'विद्यार्थ्यांतला कोणीतरी वाजवेल.' नाही वाजवत. तीन ढोल एकट्याने सांभाळायला वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि सांगबान डळमळला की वरचे सगळे जेंबे मिळून त्याला सावरू शकत नाहीत. आजपासून एक जाणता वादक, वर्गाला ६० डॉलर. पहिल्याच दिवशी लय सहा मिनिटं १०८ ते ११२ मध्ये राहिली. अर्ज लिहिणाऱ्यांनी नोंद घ्या: जेंबे दोन कमी घ्या, पण हा माणूस धरा.

१ एप्रिल. वर्गाची घडी बसली

२० मिनिटं अंग मोकळं करणं, सगळ्यांनी. ३० मिनिटं नवी पावलं, जागेवर. २५ मिनिटं तीन-तीनच्या रांगांनी खोलीच्या एका टोकापासून वादकांपर्यंत नाचत जाणं. मग १० मिनिटं रिंगण, ज्याला वाटेल त्याने मध्ये यायचं. शेवटची पाच मिनिटं नाचणाऱ्यांनी वादकांसमोर येऊन हात जमिनीला टेकवून आभार मानायचे. याला इथे डोबाले म्हणतात, शब्द योरुबा भाषेतला, अर्थ आपल्या दंडवताच्या जवळचा. पथकातल्यांना हे सांगावं लागलं नाही.

रांगांचा भाग सर्वांत उपयोगी. नाचणारी वादकाच्या तोंडासमोर येऊन थांबते, त्यामुळे त्याला मान वर करावीच लागते.

१९ एप्रिल. जमीन आणि लापा

तीन जणींचे गुडघे, दोघींच्या टाचा. कारण उघड: काँक्रीटवर चिकटवलेली पातळ फरशी. नाचाच्या वर्गाला खाली पोकळी असलेली लाकडी जमीन हवी. केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर जुनी लाकडी खोली होती, खुर्च्यांचं गोदाम झालेली. दोन शनिवार घालवून रिकामी केली. हे जानेवारीत करायला हवं होतं. पायऱ्यांवरून डुनुन रोज वर-खाली करायला चार माणसं लागतात, तेवढा तोटा.

लापा म्हणजे कमरेला गुंडाळायचं दोन यार्डांचं कापड. १२ शिवून घेतले नाहीत, नुसते कापले, एकाला १८ डॉलर. लुंगीसारखा खोचला की तिसऱ्या पावलाला सुटतो. वरची कड दोनदा दुमडून, दोन टोकांची घट्ट गाठ कंबरेच्या बाजूला. पावलं दिसावीत म्हणून गुडघ्याखाली वीतभरच लांबी.

१० मे. कान

सिमेंटच्या भिंतींच्या खोलीत फोनच्या ॲपवर १०४ डेसिबल दिसले. फोनचा आकडा काटेकोर नसतो, पण तासभर त्यात बसायचं नाही एवढं सांगायला पुरेसा. फोमचे बोळे वाटले. बोळे घातले की सगळे आणखी जोरात वाजवतात, ही नवी अडचण. मग जाड पडदे लावले आणि 'शेजाऱ्याचा ठेका ऐकू आला पाहिजे' हा नियम केला. पडदे एका बंद झालेल्या नाट्यगृहाचे, फुकट.

३१ मे. दमट हवा

हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या खोलीत पानं टणटणीत होती. मेअखेरीस हवा दमट, सगळे सूर उतरले. बाहेर अंगणात सराव होता, म्हणून तिथेच चार जेंबेंची वीण वाढवून सूर चढवला. संध्याकाळी ते एसीच्या खोलीत आणून ठेवले. रात्रीतून हवा कोरडी झाली, कातडं आखडलं, आणि एकाचं पान काठापासून मध्यापर्यंत फाटलं. ३८ डॉलर आणि पुन्हा दहा दिवस.

नियम: दमट दिवशी चढवलेली वीण त्याच दिवशी उतरवून ठेवायची. कुठल्या जेंबेवर किती चौकड्या वाढवल्या ते चिकटपट्टीवर लिहून खोडाला लावायचं. दुसरा उपाय म्हणजे सूर थोडा उतरलेलाच चालवून घेणं. तरुणांना ते पटत नाही. गिनीतून आलेल्या एका ज्येष्ठ वादकाने कार्यक्रमाच्या दिवशी उन्हात दहा मिनिटं ठेवा, एवढंच सांगितलं. तेच बरोबर.

१४ जून. रस्त्यावर रंगीत तालीम

कार्यक्रम डांबरी रस्त्यावर होणार. दुपारी दोनला अनवाणी पाय ठेवला आणि लगेच उचलला. नाचाच्या शिक्षिकेला अनवाणीच हवं होतं, पण भाजलेल्या पायांनी पाऊल जमिनीत जात नाही. पर्याय: वेळ संध्याकाळी सहाची, आणि ४ बाय ८ फुटांचे प्लायवूडचे १२ पत्रे, केंद्राच्या रंगमंचाचे, उसने. सांधे जाड चिकटपट्टीने बंद. पट्टी घामाने सुटते, दोन जण नुसते पट्टीवर लक्ष ठेवायला.

बंद गाडीच्या डिकीत जेंबे ठेवायचे नाहीत. हे सांगूनही एकाने ठेवला. वेळेत काढला.

२१ जून, शनिवार. कार्यक्रम

उरलेले १७ जण: ८ वादक, ९ नाचणारे. जोले सहा मिनिटं, कुकू आठ, मग खुलं रिंगण. प्रत्येक नाचाआधी तो कुठला, कोणाचा, हे दोन वाक्यांत सांगितलं, त्याहून जास्त नाही.

जोलेमध्ये दुसऱ्या तोडीला दोन रांगा एकमेकींत घुसल्या, कारण मुख्य जेंबेवाला तिसऱ्या पावलासाठी तयार होता आणि मागची रांग दुसऱ्यातच होती. त्याने पाहिलं, तोड थांबवली, चार आवर्तनं साथ वाजवत वाट पाहिली, मग पुन्हा दिली. मार्चमध्ये हे झालं नसतं. कुकूची लय १०८ ला सुरू, ११८ ला संपली. चालेल.

रिंगण ४५ मिनिटं चाललं, ठरलं होतं २०. हात बदलायला राखीव वादक ठेवले नव्हते, शेवटी चौघांच्या बोटांना फोड. पुढच्या वेळी दोन पाळ्या.

२८ जून. खर्च

जेंबेची कातडी ११: ४१८ डॉलर (९ खोडं, १ उकडलेलं, १ फाटलेलं). फेकलेली दोन: ४०. दोरी १४०. कडी १२, १४४. पॉलिशपेपर, गोंद, तेल, मेण: ६२. डुनुनच्या नळ्या, प्लाय, रेझिन: ११८, त्यात वाया ४१. गाईची कातडी १५०. काठ्या आणि घंटा ६६. वाद्यांवर एकूण १,१३८.

नाचाची शिक्षिका, २० वर्ग, १२० प्रमाणे २,४००. वादनाचे शिक्षक, २० वर्ग, १०० प्रमाणे २,०००. डुनुनवाला, १३ वर्ग, ७८०. गुरुवारच्या खोलीचं भाडं, पाच वेळा ४०, म्हणजे २००. लाप्यांचं कापड २१६. सगळं मिळून ६,७३४ डॉलर. आमच्या सहा जणांचे तास यात नाहीत. नुसत्या दुरुस्तीला मिळून अंदाजे १४० तास.

जेंबेंची वीण उतरवून, तोंडावर गोल गादी आणि कापडी टोपी घालून, दुसऱ्या मजल्यावरच्या लाकडी खोलीत ठेवले. माळ्यावर नाही, तिथे उन्हाळ्यात भट्टी होते. पातळ आवाजाचा तो पहिला जेंबे ऑगस्टमध्ये पुन्हा मढवायचा आहे. एक कातडं मागवलं आहे, गार पाण्याची बादली दाराशी ठेवली आहे.